कॉलेजची बातमी कॉलेजकडून, लेकीची लेकीकडून

ताई, सप्रेम सलाम.

आम्ही अहिल्यानगरचे. मी शाळेत शिक्षिका, मिस्टर एसटीतून निवृत्त झालेत. थोरली लेक दक्षिण मुंबईतल्या एका ख्रिस्ती कॉलेजात एसवायला आहे, हॉस्टेलवर राहते. वय १९. ख्रिस्ती कॉलेज आहे म्हणूनच तिला एवढ्या लांब पाठवायला आम्ही तयार झालो. वाटलं होतं, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होत असेल, रविवारी सगळ्या मुली मिळून उपासनेला जात असतील, कुणीतरी बघणारं असेल.

माझा भाऊ टेक्सासला असतो. त्याचा मुलगाही तिकडच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात शिकतो. भावाला विद्यापीठाकडून पालकांसाठी ई-मेल येत असतात. चॅपलमध्ये कोण बोललं, हॉस्टेलवर नवीन काय, परीक्षा कधी, सुट्ट्या कधी. एक शनिवार-रविवार तर आईवडिलांनी येऊन राहावं म्हणून राखून ठेवलेला असतो. आम्हाला फीची तारीख सोडली तर कॉलेजकडून अवाक्षर नाही.

म्हणून मी पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपमध्ये शिरले. ऑगस्टमधल्या फेस्टचे फोटो तिथे आले. त्यात लेक रात्री नऊच्या सुमाराला मुलामुलींच्या घोळक्यात स्टेजजवळ नाचताना दिसली. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'या मुली चर्चला जात नाहीत, कुठल्याशा हॉलमधल्या फेलोशिपला, प्रार्थनागटाला जातात.' मला राहवलं नाही. मुंबईत आमच्या ओळखीचे पाळकसाहेब आहेत. त्यांना फोन करून म्हटलं, जरा बघून येता का. ते आणि त्यांच्या बाई हॉस्टेलवर जाऊन आले. लेक त्यांच्याशी नीट बोलली. रात्री मात्र मला फोन करून म्हणाली, 'मम्मी, तू माझ्यावर माणसं सोडलीस.' तेव्हापासून फोनवर हो, नाही, जेवले, एवढंच. आता नाताळला घरी येणार आहे.

ख्रिस्ती कॉलेज ना ते? मग मुलांची खबर पालकांना द्यायला नको? आणि मी आई असून विचारायचंच नाही का?

— एक आई, सावेडी

प्रिय ताई,

सलाम. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. विचारायचं. आईने नाही विचारायचं तर कुणी? पण कुणाला काय विचारायचं, इथे तुमची गफलत झाली आहे. कॉलेजात काय चाललंय ते कॉलेजला विचारायला हवं होतं, तिथे तुम्ही ग्रुपवर विसंबलात. लेकीचं काय चाललंय ते लेकीला विचारायला हवं होतं, तिथे पाळकसाहेबांना पाठवलंत. तुमचा प्रश्न दोन्ही वेळा रास्त होता, फक्त तो चुकीच्या माणसांकडे गेला. ती दुखावली आहे ते यामुळे.

तुमची काळजी मला कळते. नगरला चर्चच्या मंडळीत वाढलेल्या मुलीची खबर मागावी लागत नाही. संडे स्कूलच्या बाई, तरुण संघातली दादामंडळी, उपासना सुटल्यावर आवारात रेंगाळणाऱ्या काक्या, कुणी ना कुणी सांगतंच की तुमची मुलगी आज गाण्यात छान होती, तुमच्या मुलीला सर्दी झालेली दिसते. इतकी वर्षं ही खबर तुमच्या घरी न मागता येत होती. मुंबईला गाडी सुटली आणि ती एकदम थांबली. ख्रिस्ती कॉलेज निवडताना तुम्हाला वाटलं, मंडळीची जागा आता कॉलेज घेईल. ते तसं होत नाही, आणि का होत नाही हे जरा सविस्तर सांगते. कारण ते कळलं की कॉलेजवरचा तुमचा बराचसा राग ओसरेल.

मुंबईतली ख्रिस्ती कॉलेजं मंडळी चालवण्यासाठी निघालेली नाहीत. चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजचं मूळ १८३२ सालच्या डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत आहे. टेक्सासमधलं बॅप्टिस्टांचं प्रसिद्ध बेलर विद्यापीठ १८४५ सालचं, म्हणजे आपलं विल्सन त्याच्याहून जुनं. धोबी तलावचं सेंट झेवियर्स जेझुइट फादरांनी १८६९ मध्ये काढलं, सोफिया १९४० मध्ये सेक्रेड हार्टच्या सिस्टरांनी, वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज १९८३ मध्ये सुरू झालं. या सगळ्या ठिकाणी पहिल्यापासून हिंदू, पारशी, मुसलमान, ज्यू मुलं शिकत आली. आजही अल्पसंख्याक कोट्यातून आपली मुलं आत जातात हे खरं, पण वर्गात ती बहुधा थोडीच असतात. तुमच्या लेकीच्या बाकावर शेजारी मारवाडी मुलगी असेल, मागे बोहरी मुलगी असेल. ती ख्रिस्ती संस्थेत आहे, ख्रिस्ती वस्तीत नाही.

आता कायद्याचा भाग. संविधानाच्या कलम ३०(१) ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे, हे आपल्या घरांमध्ये बहुतेकांना ठाऊक असतं. कलम २८(३) मात्र फारसं कुणी सांगत नाही. सरकारने मान्यता किंवा अनुदान दिलेल्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायला लावता येत नाही, असं ते सांगतं. मूल अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं, असेल तर पालकाची संमती लागते. तुमची लेक १८ वर्षं पूर्ण केलेली, सज्ञान आहे. म्हणजे इथे संमती तिची. कॉलेजचं चॅपल तिच्यासाठी उघडं आहे, तिला तिथे नेऊन बसवण्याचा अधिकार प्राचार्यांना नाही. या नियमाबद्दल वाईट वाटून घेऊ नका. आपली कितीतरी मुलं इतरांनी चालवलेल्या शाळा-कॉलेजांत शिकतात, आणि तिथे त्यांच्यावर कुणी पूजा लादू शकत नाही ते याच कलमामुळे.

असा प्रश्न आपल्याच इतिहासात एकदा उलट्या बाजूने आला होता. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. रमाबाई ख्रिस्ती, सदनातल्या मुली बहुतेक हिंदू घरांतल्या विधवा. रमाबाई प्रार्थनेला बसल्या की काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसतात, ही बातमी बाहेर गेली, तिच्यावर गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आज आपण ती गोष्ट रमाबाईंच्या बाजूने ऐकतो आणि हळहळतो. पण ते पालकही कानावर आलेल्या बातमीनेच धास्तावले होते. मुलगी त्या खोलीत कशासाठी जाते, तिला तिथे काय मिळतं, हे तिला विचारून मग ठरवलं असतं तर त्यातल्या काहीजणी तरी शिकत राहिल्या असत्या असं मला वाटतं.

भावाच्या विद्यापीठाबद्दल. तिकडची अनेक ख्रिस्ती विद्यापीठं खासगी आहेत, त्यामुळे काही ठिकाणी ठरावीक वेळा चॅपलला हजर राहण्याची सक्ती असते. पालकांसाठी वेगळं कार्यालय असतं, बातमीपत्र निघतं, पालकांचा वीकेंड असतो. पद्धत चांगलीच आहे. देणग्या मिळाव्यात म्हणूनही पालकांना जोडून ठेवलं जातं, हेही त्यात आलं. पण भावाला एक विचारून बघा. त्या ई-मेलमध्ये त्याच्या मुलाचे मार्क येतात का? मुलगा रविवारी चर्चला गेला का, कुणाबरोबर फिरतो, हे येतं का? येणार नाही. अमेरिकेत १९७४ पासून फेर्पा नावाचा कायदा आहे. मूल १८ वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून त्याच्याकडे जातो. मूल करासाठी आईवडिलांवर अवलंबून असेल तर कॉलेज नोंदी दाखवू शकतं, पण दाखवल्याच पाहिजेत असं नाही. तेव्हा भावाला मिळते ती विद्यापीठाची बातमी. भाच्याची बातमी त्यालाही भाच्याकडूनच घ्यावी लागत असणार.

तुमच्या कॉलेजने त्यांची स्वतःची बातमी तुम्हाला द्यायला हवी, यात मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. फीची तारीख सोडून काहीच कळवायचं नाही, हे बरोबर नाही. मी कॉलेजात शिकवलं आहे, मेंटॉर म्हणूनही काम केलं आहे, म्हणून सांगते: बाहेरगावच्या पालकांसाठी थोडं काम करावं हे कॉलेजच्या डोक्यातच येत नाही, कारण मुंबईतले पालक लोकलने येऊन भेटून जातात. मागितलं तर बरंच मिळतं. वर्षाचं शैक्षणिक वेळापत्रक मिळतं, म्हणजे सेमिस्टर परीक्षा कधी, दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या कधी, फेस्ट कधी. हजेरीचा नियम मिळतो. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत ७५ टक्के हजेरी लागते, ती कमी पडली की नाव डिफॉल्टर यादीत लागतं आणि बहुतेक कॉलेजं त्या वेळी पालकांना बोलावतातच. तुम्हाला असं बोलावणं आलेलं नाही, म्हणजे लेक वर्गात बसते आहे. एवढी एक चांगली बातमी तुमच्याकडे आधीपासून होती.

हॉस्टेलच्या वॉर्डनना एकदा जरूर फोन करा, लेकीला सांगून करा. इनटाइम किती, फेस्टच्या दिवसांत लेट पास कसा मिळतो, रात्री ताप भरला तर कुठल्या हॉस्पिटलात नेतात आणि सोबत कोण जातं, कॉलेजची कौन्सेलर कुठल्या वारी बसते, रॅगिंगविरोधी समितीत आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीत कोण आहे. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्र तुम्हीही भरून दिलंय. ते यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे होतं आणि त्या नियमांनी तुम्हाला तक्रारीचा हक्कही दिला आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही आहे, घरातल्या डायरीत लिहून ठेवा. हे सगळं विचारायला लेकीच्या खासगी आयुष्यात डोकवावं लागत नाही.

आणखी एक करा. प्राचार्यांना साधा मराठी अर्ज लिहा. पालक-शिक्षक सभेकडून महिन्याला एक पान निघावं, मराठीत आणि इंग्रजीत, एवढीच मागणी करा. तारखा, सूचना, संपर्काची नावं, कॉलेजात झालेले कार्यक्रम, नाताळच्या कॅरल्स कधी, चॅपलमध्ये प्रार्थना कधी. कुठल्याही विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो त्याच्या परवानगीशिवाय नको, ही अट तुम्हीच घाला. वसई, जालना, नगर, संभाजीनगरकडचे कितीतरी पालक इंग्रजी सूचना धड वाचत नाहीत आणि विचारायला लाजतात. आपल्या समाजाला हे अवघड नाही. ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ मध्ये तुमच्याच नगरला सुरू झालं, निरोप्या मासिक १९०३ पासून निघतं आहे. तुम्ही शिक्षिका आहात, असं पान कसं लिहायचं ते कॉलेजच्या बाबूपेक्षा तुम्हाला जास्त कळतं.

ग्रुपबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. तो ग्रुप कॉलेजचा नाही, पालकांनी पालकांसाठी काढलेला आहे. तारखा आणि गाड्यांच्या वेळा विचारायला तो उपयोगी आहे. दुसऱ्याच्या मुलीचा फोटो टाकून त्याखाली ती चर्चला जाते की नाही हे लिहिणं, याला खबर म्हणत नाहीत. ती चुगली आहे, आणि लिहिणारी व्यक्ती ख्रिस्ती आहे म्हणून ती पवित्र होत नाही. तुम्हीही तिथे लेकीचा फोटो पाहून गप्प राहिलात. पुढच्या वेळी एवढंच लिहा: 'मुलींचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय इथे टाकू नयेत, हा काढावा.' वाद घालू नका, खुलासा देऊ नका. शंभरातल्या चार-पाच आयांना तरी बरं वाटेल.

आणि त्या फोटोत काय होतं? ऑगस्टमध्ये मुंबईतल्या कॉलेजांत फेस्टचा हंगाम असतो. झेवियर्सचा मल्हार १९७९ पासून चालू आहे, इतर कॉलेजांचेही असतात. पोरं महिनाभर राबतात, प्रायोजक शोधतात, पाहुण्या कॉलेजांची व्यवस्था बघतात, बॅनर बांधतात, रात्री गाणं लागलं की नाचतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एनएसएस, खेळ, सांस्कृतिक कामांनाही श्रेयांक आहेत. कॉलेजच्या आवारात, शिक्षकांच्या देखत, रात्री नऊला मित्रमैत्रिणींत नाचणं यात मला काही वावगं दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर तसं तिला सांगा, तुमचा तो हक्क आहे. पण तिने त्या फेस्टमध्ये काय काम केलं, हे विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

आता फेलोशिप. तुमच्या काळजातली खरी भीती इथे आहे असं मला जाणवलं, म्हणून इथे जरा थांबते.

हॉलमध्ये उपासना होते एवढ्यावरून संशय घेऊ नका. मुंबईत जागा परवडत नाही, कितीतरी मंडळ्या रविवारी शाळेचा हॉल भाड्याने घेऊन भरतात. विद्यार्थ्यांच्या जुन्या संघटनाही आहेत. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ पासून, कॅथलिकांची आयकफ १९२४ पासून, यूईएसआय १९५४ पासून. त्यांचे अभ्यासगट कधी वर्गात, कधी कुणाच्या घरी जमतात. तुमच्या लेकीची फेलोशिप यांपैकी एखादी असेल, किंवा पूर्ण वेगळी असेल. भायखळा-गिरगाव भागात मराठी उपासना होतात, ती तिथे का जात नाही असं तुम्हाला वाटत असेल. कारण साधं असू शकतं. त्या मंडळीत तिला ओळखणारे सगळे तिच्या वडिलांच्या वयाचे असतील, आणि आठवडाभर ज्यांच्याशी इंग्रजीत बोलते ती तिची चार माणसं त्या हॉलमध्ये असतील. एकोणीस वर्षांच्या मुलीने स्वतः शोधून, कुणी न सांगता, रविवारी कुठेतरी प्रार्थनेला जावं, याचा मला तर आनंद वाटतो. काही रविवारी ती कुठेच जात नसेल, झोपत असेल, हेही शक्य आहे. तेही ती सांगेल, जर सांगितल्यावर घरात रडारड होणार नाही अशी तिची खात्री असेल तर.

तरीही डोळे उघडे ठेवायचे ते कशासाठी, हे सांगते. विद्यार्थ्यांकडून ठरावीक रकमेचा दशमांश वसूल करणारा गट. घरच्यांशी संबंध तोडा, ते तारण न झालेले लोक आहेत, असं शिकवणारा. डॉक्टरची औषधं बंद करायला सांगणारा. एकाच माणसाच्या शब्दाबाहेर जायचं नाही, लग्न कुणाशी करायचं, शिक्षण सोडून सेवेला कधी यायचं, हे तो माणूस ठरवणार. सभेत काय होतं ते बाहेर बोलायचं नाही अशी शपथ. यातलं काही असेल तर तो चिंतेचा विषय आहे, मग ते दगडी चर्चमध्ये चालो की भाड्याच्या हॉलमध्ये. आणि हे ग्रुपवरून कळत नाही, शेजारी बसून कळतं. जानेवारीत रात्रीच्या गाडीने मुंबईला या, लेकीला आधी कळवून. म्हणा, 'मला तुझ्याबरोबर तुझ्या फेलोशिपला यायचंय, नेशील का?' ती हो म्हणाली तर शेवटच्या रांगेत बसा, गाणी गा, प्रवचन ऐका. नंतर चहा पिताना तिच्या मैत्रिणींची नावं लक्षात ठेवा. नाही म्हणाली तर का, ते तिलाच विचारा आणि उत्तर ऐकून घ्या.

बायबलमधल्या लूकच्या दुसऱ्या अध्यायातला प्रसंग तुम्ही संडे स्कूलमध्ये शिकवला असेल. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो. मरीया आणि योसेफ समजतात की तो सोबतच्या लोकांत असेल, एक दिवसाची वाट चालून जातात, मग नातलगांत आणि ओळखीच्यांत शोधतात. तिथे तो सापडत नाही. परत जावं लागतं, आणि तीन दिवसांनी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारताना सापडतो. मरीया त्याला सरळ विचारते, तू असं का वागलास, आम्ही किती कष्टी झालो. ती योसेफाला पुढे करत नाही, गुरुजनांना म्हणत नाही की याला समजवा. आणि मिळालेलं उत्तर तिला तेव्हा नीट समजलं नाही, असंही तिथे लिहिलंय. नातलगांत आणि ओळखीच्यांत शोधणं ही आपली सगळ्यांचीच पहिली धाव असते. तुमची धावही तीच होती, म्हणून तुम्हाला दोष देण्यात मला रस नाही.

पण माफी मागा. फोनवर नको, फोनवर ती 'हो' म्हणून मोकळी होईल. मेसेज लिहा, तिला हवा तेव्हा वाचता येईल असा. मी सुचवते, शब्द तुमचे वापरा: 'फोटो बघून मी घाबरले. तुला विचारायचं सोडून पाळकसाहेबांना पाठवलं, ते माझं चुकलं. त्यांना यापुढे तुझ्याबद्दल काही विचारणार नाही. तू फेस्टमध्ये काय काय केलंस ते मला ऐकायचंय, तुला सांगावंसं वाटेल तेव्हा.' एवढंच. त्याखाली बायबलचं वचन लिहू नका, 'आम्ही तुझ्यासाठी किती केलं' हे तर अजिबात नको. उत्तर लगेच येणार नाही. आठवडाभर आलं नाही तरी पुन्हा विचारू नका.

फोनची वेळही बदला. हॉस्टेलवर रात्री नऊनंतर खोलीत तिघी-चौघी असतात, मुलगी आईशी मोकळं बोलू शकत नाही. रविवारी दुपारी किंवा ती चौपाटीवर चालायला जाते तेव्हा, ती सांगेल त्या वेळी बोला. आणि तुमच्याकडची बातमी आधी सांगा. शाळेत काय झालं, मिस्टरांची गुडघेदुखी, महिला मंडळाची सहल. सध्या तिच्या बाजूने फोन म्हणजे हजेरी झालाय.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. ती जेवत नाही, झोपत नाही, परीक्षांना बसत नाही, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलते, किंवा तिला कुणी धमकावतंय अशी शंका आली, तर ती चिडेल म्हणून गप्प बसायचं नाही. तेव्हा वॉर्डनना त्याच रात्री फोन करायचा, कौन्सेलरला गाठायचं आणि गाडी पकडायची. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, पालकांनाही त्यावर विचारता येतं. तुमच्या पत्रात असं काही दिसलं नाही. लेक दुखावली आहे, पण जेवले म्हणून सांगते आहे, नाताळला घरी येते आहे.

नाताळच्या तयारीत घर भरलेलं असेल. करंज्या तळताना, पाहुण्यांसमोर, हा विषय काढू नका. सांताक्लॉजच्या फेरीला, तरुण संघाच्या गाण्यांना तिला जायचं असेल तर जाऊ दे, राहायचं असेल तर राहू दे. आवारात कुणी विचारलं, 'काय गं, मुंबईला कुठल्या चर्चला जातेस?' तर उत्तर तिला देऊ द्या, तुम्ही तिच्या वतीने बोलू नका. मिस्टरांनाही हे आधी सांगून ठेवा.

आणि पाळकसाहेबांना आजच फोन करा. ते तुमच्या शब्दाखातर एवढं अंतर जाऊन आले, त्याबद्दल आभार माना. त्या भेटीबद्दल मंडळीत किंवा नगरच्या कुणाशी बोलू नका अशी विनंती करा. नाताळला तेही गावी येणार असतील तर लेकीची चौकशी करू नका, नेहमीसारखे भेटा, असं त्यांच्या बाईंनाही सांगा. लेकीला मेसेज त्यानंतर पाठवा, म्हणजे 'विचारणार नाही' हे लिहाल तेव्हा ते खरं असेल.